तिसऱ्या मजल्यावरचा पीसी, पाचव्या मजल्यावरचा तास

आमच्या कॉलेजात सांख्यिकी विभागाला एक पीसी आहे. एकच. तिसऱ्या मजल्यावर, विभागाच्या खोलीत, खिडकीपाशी. सांख्यिकीचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर त्यावर आहे आणि त्याचं लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं आहे. दुसऱ्या संगणकावर टाकलं तर उघडत नाही. सांख्यिकीच्या मॅडमचा द्वितीय वर्षाचा तास मात्र पाचव्या मजल्यावर, सकाळी साडेसातला. सीपीयू उचलून दोन मजले चढायचा प्रयोग एकदा झाला होता. त्यात मॉनिटरच्या केबलची एक पिन वाकली आणि प्रयोग संपला.

मी संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. म्हणजे नेटवर्क, प्रिंटर, प्रोजेक्टर, आणि कुणी पासवर्ड विसरलं की तेही. तिसऱ्या मजल्यावरचा पीसी पाचव्या मजल्यावरून चालवायच्या या प्रकरणावर प्राचार्यांना दीड पानाचं टिपण दिलं होतं. त्या दीड पानात जे बसलं नाही तेच दुसऱ्या कॉलेजांतल्या माझ्यासारख्यांना उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, यातल्या दोन मोठ्या चुका माझ्या आहेत.

हट्ट कशासाठी

मॅडम ‘आउटलायर’, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेली नोंद, शिकवताना मुंबईचा पाऊस घेतात. कुलाबा आणि सांताक्रूझ, दोन वेधशाळा, रोजच्या नोंदी, अनेक वर्षांच्या. त्यात एक ओळ २६ जुलै २००५ ची. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. ती एक ओळ ठेवली की सांताक्रूझच्या जुलैचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप, कुठल्या कुठे जातं आणि काढली की जागेवर येतं. मध्यक, म्हणजे ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र हलत नाही. हे वर्गात मुलांच्या डोळ्यांसमोर करायचं, असा त्यांचा आग्रह. मी एकदा सुचवलं की स्क्रीनशॉट काढून न्या. त्या म्हणाल्या, “स्क्रीनशॉट दाखवला की मुलं माना डोलावतात. समोर ओळ काढली की कुणीतरी विचारतं, मॅडम, पण ती चूक नव्हती ना, खरंच पडला होता ना पाऊस, मग काढायची कशी? मला तो प्रश्न हवाय.”

यावर बोलायला जागा नव्हती.

पहिला प्रयत्न

मॅडमनी सुरुवात मला न विचारता केली. एक लोकप्रिय फुकट रिमोट ॲप पीसीवर आणि स्वतःच्या लॅपटॉपवर टाकलं. वर्गातलं वाय-फाय वेगळ्या नेटवर्कवर आहे. तिथला लॅपटॉप विभागाच्या पीसीला थेट दिसत नाही, आणि दिसूही नये. पण ही ॲप बाहेरच्या सर्व्हरमार्फत जोडतात, त्यामुळे हा अडथळा त्यांना कळतच नाही. तिसऱ्या मजल्यावरचं चित्र इमारतीबाहेर जाऊन, इंटरनेटला वळसा घालून पाचव्या मजल्यावर येतं, एवढंच.

आलं. तीन अडचणींसकट आलं.

पहिली, अक्षरं. विभागाचा मॉनिटर मोठा, वर्गातला प्रोजेक्टर जुना. या प्रकारचं ॲप समोरच्या पडद्याची हुबेहूब नक्कल पाठवतं, ती आक्रसून भिंतीवर पडते. मागच्या बाकाला आकडे दिसेनात. दुसरी, फुकट आवृत्ती घरगुती वापरापुरती होती. कॉलेजचं नेटवर्क ओळखून तिने ऐन तासात ‘व्यावसायिक वापर आढळला’ अशी पाटी लावली. मुलांना भलताच आनंद झाला. त्या पाटीचं मला काही वाटलं नाही, अट अट असते, आपण ती मोडत होतो. तिसरी अडचण मात्र मजेशीर. नक्कल असल्यामुळे खालचा पडदाही चालूच राहतो. विभागात बसलेल्या एका सरांना दिसलं की माउसचा बाण आपोआप फिरतोय, पावसाचा तक्ता उघडतोय. त्यांनी तो बंद केला. वरून मॅडमनी पुन्हा उघडला. सरांनी पुन्हा बंद केला आणि शेवटी पीसीचं बटण दाबून धरलं. व्हायरस आलाय म्हणून मला फोन त्यांचाच आला.

माझा उपाय आणि माझी पहिली चूक

मी ते ॲप काढून टाकलं आणि विंडोजमधलंच रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी, सुरू केलं. विभागाच्या पीसीवर विंडोजची प्रो आवृत्ती होती, त्यामुळे ते शक्य झालं. होम आवृत्ती दुसऱ्याला आत घेत नाही. मॅडमच्या लॅपटॉपवर होम होतं, पण बाहेर जोडायला तेवढं पुरतं. हा फरक न कळल्यामुळे लॅपटॉप बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत.

वर्गाच्या पोडियममागे एक लॅनचं सॉकेट रंगाखाली गाडलेलं सापडलं. ते खरवडून जिवंत केलं, स्टाफच्या नेटवर्कला जोडलं. आता चित्र इमारतीतल्या इमारतीतच फिरणार होतं. आरडीपीचा आणखी फायदा असा की ते पडद्याची नक्कल पाठवत नाही, आपण मागू त्या मापाचा पडदा तयार करून देतं. जोडण्याआधी १२८० बाय ७२० निवडलं की अक्षरं आपसूक मोठी होतात. लायसन्सच्या अटीही वाचून घेतल्या. काही सॉफ्टवेअर रिमोट सेशन ओळखून उघडायलाच नकार देतात. आमचं उघडलं, आणि एका वेळी एकच माणूस वापरणार असल्याने अटीतही बसलं. जुलैचे सगळे तास झकास झाले. मॅडमनी मला कँटीनमध्ये साबुदाणावडा खाऊ घातला.

विभागात सगळे एकाच खात्याने लॉगिन करायचे. पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर. मॅडमनाही मी तेच खातं वापरू दिलं, कारण पावसाचा सगळा डेटा त्याच खात्यात होता. ही ती चूक.

चाळीस सेकंद

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सर लवकर आले. द्वितीय वर्षाच्या अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका त्या दिवशी द्यायची होती. सामाईक खात्यात बसून ते वर्डमध्ये ती टाइप करत होते. चार प्रश्न झाले होते, पाचवा चालू होता.

पावणेआठच्या सुमारास मॅडमनी वरून जोडलं. विंडोजच्या साध्या आवृत्तीत एका वेळी एकच माणूस बसू शकतो. खाती वेगळी असती तर सरांच्या पडद्यावर विचारणा आली असती, की अमुक जण जोडू पाहतोय, परवानगी आहे का. पण खातं एकच. विंडोजच्या दृष्टीने एकच माणूस एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसत होता. त्यात विचारायचं काय? खालचा पडदा लॉक झाला, आणि चालू असलेलं सेशन, उघड्या खिडक्यांसकट, कर्सर पाचव्या प्रश्नात लुकलुकत असताना, जसंच्या तसं वर गेलं.

लॅपटॉप प्रोजेक्टरला आधीच जोडलेला, तोही ‘डुप्लिकेट’ मोडमध्ये. मॅडम हजेरी घेत होत्या. मुलांनी आधी पाहिलं. वर्ग कधी नव्हे तो शांत झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, हा आमचाच पेपर आहे का?”

मॅडमनी मागे पाहिलं आणि एचडीएमआयची केबल उपटली. नंतर वर्गात विचारून बघितलं तेव्हा अंदाज निघाला, चाळीस सेकंद. फोटो किती निघाले हे विचारण्यात अर्थ नव्हता.

खाली सरांना वाटलं पीसी झोपला. त्यांनी पासवर्ड टाकला, सेशन त्यांच्याकडे परत आलं, मॅडमचं तुटलं. पेपर अजून उघडाच असेल, निदान तो बंद तरी करावा म्हणून मॅडमनी पुन्हा जोडलं. सर पुन्हा बाहेर फेकले गेले. दोघंही एकमेकांना ढकलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. मॅडम मला फोन लावत होत्या. मी दादरच्या पुलावर होतो, फोन बॅगेत.

पेपर नवा काढावा लागला. सर पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

या गोंधळात एक गोष्ट जवळजवळ सुटली. वर्ड बंद झाल्यावर मागे सामाईक खात्याचा डेस्कटॉप होता, आणि त्यावर शिष्यवृत्तीच्या अर्जांची फाइल. नावं, प्रवर्ग, आधार क्रमांक. ती त्या दिवशी उघडी नव्हती, एवढंच नशीब. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याआधीही ती फाइल सगळ्यांच्या खात्यात पडून असणं शहाणपणाचं नव्हतंच. पेपर पुन्हा काढता येतो, फुटलेला आधार क्रमांक परत गोळा करता येत नाही. बैठकीत सगळी चर्चा पेपरवर झाली, हे मला आजही खटकतं.

लॉग उघडला तेव्हा

नेमकं कधी काय झालं हे पाहायला मी पीसीचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. रिमोट सेशनच्या नोंदींत २५ क्रमांकाची घटना म्हणजे सेशन पुन्हा जोडलं, २४ म्हणजे तुटलं. गुरुवारची ढकलाढकली तिथे सेकंदासकट लिहिलेली होती. तेवढं टिपून बंद करणार होतो. सहज म्हणून सुरक्षेचा लॉग उघडला.

४६२५. ४६२५. ४६२५. हा क्रमांक फसलेल्या लॉगिनचा. खाली सरकवत गेलो तरी संपेना. नावं काय, तर ‘ॲडमिन’, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘टेस्ट’, ‘यूझर’, ‘स्कॅनर’. पत्ते सगळे बाहेरचे, कॉलेजचा एकही नाही.

राउटर तपासला तेव्हा उलगडा झाला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरून काम करता यावं म्हणून नेटवर्कच्या ठेकेदाराने बाहेरून येणारं ३३८९ पोर्ट, म्हणजे आरडीपीचं ठरलेलं दार, थेट या पीसीच्या पत्त्याकडे वळवलं होतं. लॉकडाउन उठलं, पीसीवरचं आरडीपी कुणीतरी बंद केलं, राउटरवरचा नियम मात्र तसाच राहिला. पाच वर्षं तो बंद दाराकडे बोट दाखवत उभा होता. जुलैत मी दार उघडलं. राउटरवर एकदा नजर टाकली असती तर दोन मिनिटांत दिसलं असतं. टाकली नाही. ही दुसरी चूक.

३३८९ इंटरनेटवर उघडं ठेवलं तर काय होतं हे या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागू नये. मे २०१९ मध्ये आरडीपीतला ‘ब्ल्यूकीप’ नावाचा दोष जाहीर झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टने आयुष्य संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती. पासवर्ड न लागता आत शिरता येईल असा तो दोष होता. आमच्या पीसीवरचं विंडोज त्यात येत नव्हतं. पण पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर, आणि तो कसा होता हे मी इथे लिहिणार नाही, लाज वाटते. बाहेरच्या पत्त्यावरून यशस्वी झालेलं एकही लॉगिन सापडलं नाही. तरीही पीसी पुसून नव्याने विंडोज टाकलं. लायसन्स पुन्हा लावायला कंपनीशी चार दिवस ईमेल.

बैठकीत काय ठरलं, नंतर काय केलं

प्राचार्यांचं पहिलं वाक्य होतं, “बंद करा.” दुसऱ्या लायसन्सचा विषय निघाला, तो पुढच्या बजेटात बघू म्हणून गेला. मी ‘आर’ हे सांख्यिकीचं दुसरं सॉफ्टवेअर सुचवलं. फुकट आहे, मॅडमच्या लॅपटॉपवर तो सगळा तक्ता सहज चालतो. मॅडम म्हणाल्या, प्रात्यक्षिक परीक्षा जुन्या सॉफ्टवेअरवर होते, मुलांना त्याच्याच खिडक्या दिसायला हव्यात. हे खरं होतं. शेवटी अर्धेअधिक तास त्यांनी ‘आर’वर नेले आणि प्रात्यक्षिकाशी जोडलेले सोमवार-गुरुवारचे दोनच तास रिमोटवर उरले. माझ्या मते सगळ्यात मोठा उपाय हाच झाला, आणि त्यात माझं तंत्रज्ञान काहीच नव्हतं.

उरलेल्या दोन तासांसाठी राउटरवरचा नियम काढला. पाचव्या मजल्यावरचं सॉकेट वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच तारांवरच्या स्वतंत्र नेटवर्कवर, टाकलं. तिथून फक्त त्या पीसीच्या ३३८९ पर्यंत पोचता येतं, बाकी स्टाफचं नेटवर्क दिसत नाही. वर्गातल्या सॉकेटला उद्या कुणी आपला लॅपटॉप लावला तरी त्याच्या हाती लॉगिनची खिडकी लागेल, पुढे काही नाही. ‘तास’ नावाचं नवं खातं केलं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं. त्याच्या डेस्कटॉपवर एकच फोल्डर, पावसाचं. रिमोटने जोडायची परवानगी फक्त या खात्याला. सामाईक खातं मोडलं, प्रत्येकाला आपापलं दिलं. यावरून आठवडाभर कुरकुर झाली, आणि चिठ्ठ्या आता कीबोर्डखाली नसून ड्रॉवरमध्ये आहेत हे मला माहीत आहे. क्लिपबोर्ड आणि लॅपटॉपच्या ड्राइव्ह जोडल्या जातात तेही बंद केलं.

आता कुणी खाली बसलेलं असताना मॅडमनी जोडलं तर खाली विचारणा येते. बसलेल्या माणसाने ‘नाही’ म्हटलं तर वरचा माणूस बाहेर. पण अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं नाही तर खालच्यालाच बाहेर काढलं जातं, आणि सर चहाला गेले असतील तर? म्हणून मॉनिटरच्या कडेला वेळापत्रक चिकटवलं: सोमवार, गुरुवार, साडेसात ते साडेआठ, मशीन वर्गात आहे. जाड मार्करने. आणि तोंडी ठरवलं की खाली खरंच अडलेलं काम असेल तर खुर्चीवरच्या माणसाचा हक्क पहिला. मॅडमनी त्या दिवशी ‘आर’वर भागवायचं. गेल्या वर्षभरात असं दोनदा झालं. सरांनी दोन्ही वेळा आधी फोन केला.

वर्गातल्या बाजूला फार काही नाही. प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘ब्लँक’ बटण असतं, ते दाबून भिंत काळी करायची, लॅपटॉपवर जोडायचं, काय उघडलंय ते स्वतः पाहायचं, मग बटण पुन्हा दाबायचं. ‘एक्स्टेंड’ मोड जास्त चांगला हे मी मॅडमना तीनदा समजावलं. त्यांना ब्लँक बटण आवडतं. तेही चालतं.

काका

एक गोष्ट टिपणात घातलीच नव्हती. पीसी चालूच नसेल तर?

संध्याकाळी विभागाच्या खोलीचा मेन स्विच बंद करायचा असा कॉलेजचा नियम आहे. मी आधी वेक-ऑन-लॅन लावून बघितलं. नेटवर्कवरून एक छोटा संदेश पाठवायचा, त्यात त्या मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, सोळा वेळा, आणि झोपलेला पीसी उठतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर ते नीट चाललं. सकाळी उठेना. साहजिक आहे, नेटवर्क कार्डाला थोडी तरी वीज लागते आणि मेन स्विच बंद म्हणजे ती शून्य. दुपारी चाचणी घेऊन समाधान मानणाऱ्याचं असं होतं.

शेवटी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, एक सेटिंग बदललं: वीज परत आली की मशीनने आपणहून सुरू व्हायचं. आता सकाळी सातला काका येतात, खोलीत झाडू मारायच्या आधी मेन स्विच वर करतात, आणि पीसी उठतो. साडेसातला मॅडम वरून जोडतात. काकांना मी सांगून ठेवलंय की तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करा. त्यांनी कारण विचारलं नाही, मग एक दिवस विचारलं, मग मी त्यांना वर नेऊन दाखवलं. “म्हणजे मी बटण लावलं की मॅडमचा तास चालू होतो,” ते म्हणाले. तेव्हापासून सोमवार-गुरुवार त्यांना सात वाजून पाच मिनिटं झालेली मी पाहिली नाहीत.

काका टिटवाळ्याहून येतात. या जुलैत एका सोमवारी पहाटेपासून पाऊस होता आणि सायन-कुर्ल्यामध्ये रुळांवर पाणी आलं. मॅडम परळला राहतात, त्या चालत पोचल्या. तासाला वीसेक मुलं होती, बहुतेक दादर-परळचीच. जोडायला गेल्या तर पीसी सापडेना. मला फोन केला. मी ठाण्याला फलाटावर उभा होतो. मी म्हटलं, सॉकेट बघा, केबल बघा. त्या म्हणाल्या, “केबल ठीक आहे हो. काका आले नसतील.”

त्यांनी लॅपटॉप मिटला आणि फळ्यावर खडूने ९४४ लिहिलं.

काका सव्वाअकराला आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. आल्या आल्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन स्विच लावला. पीसी सुरू झाला, आणि दुपारी सर येऊन बसेपर्यंत लॉगिनची खिडकी दाखवत उभा राहिला.